आर३६एस वर मराठी म्हणींचा खेळ: पॅकेज बांधतानाच्या नोंदी

७ जून २०२५

आधी काम काय आहे ते. लॅपटॉपवर चालणारा एक छोटा खेळ तयार आहे. पडद्यावर म्हण येते, तिच्यातला एक शब्द गाळलेला असतो, चार पर्यायांतून तो निवडायचा. 'नाचता येईना, ____ वाकडे' या धर्तीवर. सुमारे तीनशे म्हणी आहेत. खेळ लुआ भाषेत, लव्ह नावाच्या इंजिनावर लिहिलेला. तो आर३६एस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर न्यायचा आणि ज्याच्याकडे असलं यंत्र आहे त्याला स्वतःचं स्वतः बसवता येईल अशी एक झिप करायची.

यंत्र साधं आहे. रॉकचिपची आरके३३२६ चिप, चार कॉर्टेक्स-ए३५ कोर, १ जीबी रॅम, माली-जी३१ ग्राफिक्स, साडेतीन इंची ६४० बाय ४८० पडदा. वायफाय नाही. मायक्रोएसडीच्या दोन खाचा: एक प्रणालीसाठी, एक खेळांसाठी. मला ३,२०० रुपयांना मिळालं. त्यावर आर्कओएस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली घालणार आहे. हिचा पाया उबुंटू १९.१०, म्हणजे चांगलाच जुना. हे आकडे आत्ता नुसते वाचून सोडले तरी चालतील, पुढे त्यांनीच वाट अडवली.

पॅकेज करायची रीत पोर्टमास्टरची घ्यायची ठरवली. पोर्टमास्टर म्हणजे अशा यंत्रांसाठी खेळ गोळा करून बसवणारा कार्यक्रम. त्याची पद्धत मला आवडली, कारण तिच्यात जादू नाही. खेळ सुरू करणारी एक लाँच स्क्रिप्ट, शेजारी खेळाचा फोल्डर, फोल्डरमध्ये माहितीची एक जेसन फाइल, हे सगळं एका झिपमध्ये. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पोर्टमास्टरची 'कंट्रोल' फाइल ओढून घ्यायची. यंत्र कुठलं, बटणं कशी, फोल्डर कुठे, हे ती सांगते. लव्हचं इंजिनही प्रत्येक खेळात कोंबावं लागत नाही. पोर्टमास्टरकडे लव्ह ११.५ सामायिक म्हणून असतं, जेसनमध्ये त्याचं नाव लिहिलं की झालं.

८ जून

यंत्रासोबत आलेलं कार्ड बिननावी होतं. अशा कार्डावर काम करू नये, हे सगळेच सांगतात आणि बरोबर सांगतात. नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड ६५० रुपयांना आणलं, त्यावर आर्कओएस लिहिली, यंत्र सुरू केलं. पडदा काळा. हिरवा दिवा लागलेला, आवाजसुद्धा येतोय, पण दिसत काहीच नाही.

कारण असं की आर३६एस या एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे बसवलेली यंत्रं विकली जातात. कुठला पडदा आहे ते कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, डीटीबी फाइल सांगते, आणि माझ्या पडद्याची डीटीबी मी कार्डावर लिहिलेल्या आर्कओएसच्या प्रतीत नव्हती. उपाय: मूळ कार्डाच्या बूट विभाजनातली डीटीबी उचलून नव्या कार्डाच्या बूट विभाजनात त्याच नावाने टाकली. पडदा लागला.

मूळ कार्ड मी अजून पुसलं नव्हतं म्हणून हे पाच मिनिटांत मिटलं. तुम्ही हे करत असाल तर यंत्र हातात आल्यावर सगळ्यात आधी मूळ कार्डाची संपूर्ण प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा, बाकीचं मग.

१४ जून

पहिली झिप केली. खेळ सुरू होतो न होतो तोच परत मेनू. पडद्यावर काही अक्षरं चमकून जातात, वाचता येत नाहीत.

कार्ड काढा, लॅपटॉपला लावा, बदल करा, परत घाला, हा प्रकार दोनदा केल्यावर कंटाळून बाजारात गेलो आणि यूएसबी वायफाय डाँगल व टाइप-सीचं कनव्हर्टर घेऊन आलो, मिळून ४५० रुपये. ओटीजी लिहिलेल्या भोकात लावायचं, शेजारचं भोक फक्त चार्जिंगचं आहे. मग आर्कओएसच्या पर्यायांमध्ये रिमोट सेवा सुरू केल्या की एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून नेटवर्कने, यंत्राच्या आत जाता येतं. वापरकर्ता आणि पासवर्ड दोन्ही 'आर्क'. हा खर्च पहिल्याच दिवशी करावा. काय बिघडलंय ते बघायला यंत्राच्या आत शिरता आलं पाहिजे, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

आत जाऊन स्क्रिप्ट हाताने चालवली. बॅशने (स्क्रिप्ट चालवणाऱ्या कार्यक्रमाने) व्याकरणाची चूक दाखवली, तीही 'एल्स-इफ'पाशी, जिथे डोळ्यांना काहीच वावगं दिसत नव्हतं. स्क्रिप्ट मी विंडोजवर लिहिली होती. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असतं. बॅशला 'देन' हा शब्द त्या शेपटीसकट दिसतो आणि तो त्याला ओळखत नाही. स्क्रिप्टमध्ये लॉग (काय घडलं त्याची नोंद) लिहिण्याची ओळ होती, पण गाडी तिथवर पोचतच नव्हती, म्हणून लॉगची फाइलसुद्धा कोरी. डॉस-टू-युनिक्सने शेपट्या कापल्या. संपादकातही ओळींची युनिक्स पद्धत कायमची लावून टाकली.

आता लॉग मिळाला. त्यात लव्हचा निरोप: चालवायला कोडच नाही, मेन-लुआ झिपच्या सगळ्यात वरच्या पातळीवर असली पाहिजे. डॉट-लव्ह फाइल म्हणजे नाव बदललेली झिपच असते. मी फोल्डरवर उजवी टिचकी मारून झिप केली होती, त्यामुळे आत आधी फोल्डर आणि त्याच्या आत मेन-लुआ. फोल्डरमध्ये शिरून, आतल्या सगळ्या फाइली निवडून झिप केली की सुटतं.

१५ जून

खेळ सुरू झाला. आणि पडद्यावर आलं: 'दुष्काळात तेरावा महनिा'.

तेही पूर्ण खरं नाही. 'ष्का'च्या जागी पूर्ण ष, त्याच्या पायाला लोंबणारा हलन्त, मग का. 'उचलली जीभ लावली टाळ्याला'मधला ळ्या तसाच तुटलेला. पहिली वेलांटी प्रत्येक ठिकाणी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर बसलेली.

लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नव्हतं, कारण तिथे मी लव्हच्या बाराव्या आवृत्तीच्या कच्च्या बांधणीवर काम करत होतो. बाराव्या आवृत्तीत हार्फबझ आहे. कुठलं अक्षर कुठे सरकवायचं, कशाचं जोडाक्षर करायचं, हे काम तो करतो. अकराव्यात तो नाही. तिथे युनिकोडमध्ये जी अक्षरं ज्या क्रमाने साठवलीत त्याच क्रमाने एकामागे एक चित्रं ठेवली जातात. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतात, म्हणून ती नंतरच उमटते. इंग्रजीला, रशियनला याने काही फरक पडत नाही. पोर्टमास्टरवर बरेच खेळ लव्हवर बिनबोभाट चालतात, म्हणून मीही गृहीत धरलं होतं.

पुढच्या नोंदी बहुतेक याच एका गोष्टीच्या आहेत. देवनागरी, तमिळ, बंगाली, कुठल्याही आपल्याकडच्या लिपीत खेळ करणार असाल तर हाच दगड पायात येणार.

२१ जून

पहिला विचार सरळ होता: लव्ह १२ स्वतःच या यंत्रासाठी बांधू, झिपमध्ये घालू.

लॅपटॉपवर विंडोजच्या आत उबुंटू २४.०४ आहेच. त्यात क्यूईएमयूच्या (एका प्रकारच्या चिपवर दुसऱ्या चिपचं सोंग आणणाऱ्या कार्यक्रमाच्या) मदतीने ६४-बिट आर्मचा, म्हणजे या यंत्रातल्या चिपच्या जातीचा, कंटेनर (वेगळी बंदिस्त प्रणाली) उभा केला. बाराव्या आवृत्तीची अधिकृत प्रत अजून बाहेर आलेली नाही, म्हणून विकासातला कोड घेतला. नकली आर्मवर कंपायलर रांगत चालतो. संध्याकाळी लावलं, रात्री पावसात लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली, सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी बांधून झालं. यंत्रावर नेलं. निरोप: जीलिबसी (लिनक्सवरच्या जवळपास सगळ्या कार्यक्रमांना लागणारी मूलभूत लायब्ररी) २.३८ सापडली नाही.

उबुंटू २४.०४ मध्ये जीलिबसी २.३९ आहे, आर्कओएसमध्ये २.३०. नव्या जीलिबसीवर बांधलेला कार्यक्रम जुनीवर चालत नाही, उलटं चालतं. गंमत म्हणजे माझ्या कोडला २.३८ मधलं काही नवं हवं होतं असंही नाही. आकड्याची ओळ वाचून संख्या करणारं 'स्ट्रटॉल' हे जुनंपुराणं फंक्शन, पण नव्या हेडर फाइली त्याला गुपचूप नव्या नावाला जोडतात, आणि ते नवं नाव २.३८ पासूनचं. म्हणून अशा यंत्रांसाठी बांधायचं तर जुन्या प्रणालीत बसूनच बांधायचं. डेबियन १० मध्ये २.२८ आहे, ती चालली असती.

डेबियन १० चा कंटेनर केला. त्याची भांडारं आता संग्रहातल्या पत्त्यावर हलवलेली आहेत, तो पत्ता घालावा लागला. सी-मेक (बांधणीचं साधन) जुना, तो नवा बांधा. एसडीएल (पडदा, बटणं, आवाज सांभाळणारी लायब्ररी) जुनं, तेही नवं बांधा. हा टप्पा आल्यावर थांबलो.

२२ जून

का थांबलो ते लिहून ठेवतो, कारण हट्टाने हे पूर्ण करणारं कुणीतरी असेलच.

या यंत्रांवर एक्स किंवा वेलँड, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणारे कार्यक्रम, काही नसतं. एसडीएल थेट कर्नलकडून पडदा घेतं. प्रत्येक यंत्राच्या प्रणालीने आपापलं एसडीएल आपल्या पडद्यासाठी, आपल्या माली ड्रायव्हरसाठी ठाकठीक करून ठेवलेलं असतं. कुणाचा पडदा आडवा बसवलेला असतो आणि तो फिरवण्याची तजवीज त्या एसडीएलमध्ये असते. मी माझं नवं एसडीएल बरोबर दिलं की ही सगळी ठाकठीक गेली. माझ्या यंत्रावर कदाचित चाललं असतं. दुसऱ्याच्या यंत्रावर काळा पडदा, आणि तो का, हे मला इथे बसून कळणं अशक्य. सामायिक ११.५ सोडायचं नाही असं ठरवलं. मग देवनागरीचं काय ते ११.५ मध्येच बघायला हवं.

डीटीपीच्या धंद्यात असलेल्या एका मित्राने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, मग श्रीलिपी वापर की. आमच्याकडे वेलांटी आधीच टाइप होते."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, श्रीलिपी म्हणा, शिवाजी म्हणा, डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने अक्षरं साठवतात. अर्धा ष वेगळा, वेलांटी वेगळी, आधी वेलांटी मग व्यंजन. कुठल्याही हार्फबझची गरज नाही. मजकूर त्या सांकेतिक लिपीत बदलून घेतला असता तर लव्ह ११.५ ने तो बिनचूक दाखवला असता. तंत्र म्हणून मला हा तोडगा अजूनही सगळ्यात चतुर वाटतो. अडचण परवान्याची. असे बरेच फॉन्ट विकत घेतलेले असतात, झिपमध्ये घालून वाटता येत नाहीत, आणि जे नुसते फिरत असतात त्यांचा मालक कोण याचा पत्ता लागत नाही. सोडून दिला.

उरला शेवटचा मार्ग. म्हणी काही खेळताना बदलत नाहीत. मग लॅपटॉपवरच प्रत्येक म्हणीचं आणि प्रत्येक पर्यायाचं चित्र काढून ठेवायचं आणि यंत्रावर फक्त चित्रं दाखवायची. हे मला आधी हलक्या दर्जाचं वाटत होतं. खेळ चालला पाहिजे, इतकंच आता वाटतंय.

२८ जून

चित्रं काढायला पँगो-व्ह्यू वापरलं. लिनक्सवर पँगोच्या साधनांसोबत मिळतं, आतून हार्फबझच वापरतं. मजकूर द्यायचा, फॉन्ट सांगायचा, पीएनजी मिळते. पडदा नसलेल्या ठिकाणी चालवताना 'नो-डिस्प्ले' पर्याय द्यावा, नाहीतर ते खिडकी उघडायला बघतं. पार्श्वभूमी पारदर्शक, अक्षरं पांढरी. अक्षरं पांढरी ठेवली की खेळात हवा तो रंग चढवता येतो, बरोबर उत्तराला हिरवा, चुकीला लाल, वेगळी चित्रं लागत नाहीत.

फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी. खुल्या परवान्याचा आहे, आणि चित्रं काढून वाटायला त्याची हरकत नाही.

रुंदी ६०० दिली, चित्रं निघाली ८०० पिक्सेलची. यात बराच वेळ गेला. पँगो-व्ह्यू रुंदी पिक्सेलमध्ये नाही, पॉइंटमध्ये मोजतं, आणि मुळात इंचाला ९६ ठिपके धरून चालतं. ६०० पॉइंट म्हणजे ८०० पिक्सेल. डीपीआय ७२ दिलं की पॉइंट आणि पिक्सेल एकच. समासही शून्य करायचा, नाहीतर चहूबाजूंनी १० ची कड येते आणि चित्र मागितल्यापेक्षा मोठं निघतं.

म्हणींची यादी टॅबने तोडलेल्या फाइलीत आहे. चित्रांना नावं ओळीच्या क्रमांकाने दिली होती. मग यादीच्या मधोमध एक नवी म्हण घातली आणि निम्मीच चित्रं पुन्हा काढली. खेळात 'उथळ पाण्याला ____ फार'च्या खाली पर्याय आले: नागोबा, उंदीर, बेडूक, मांजर. घरातली पोरं खूश झाली, त्यांना हा खेळ जास्त आवडला. प्रत्येक म्हणीला आता स्वतःचा न बदलणारा क्रमांक आहे, पहिल्या रकान्यात. सगळी चित्रं दर वेळी नव्याने काढतो, चहा होईपर्यंत होऊन जातं.

२९ जून

सगळी चित्रं एकदा डोळ्यांखालून घातली. दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही मराठीच्याच.

पहिली, ल आणि श हिंदी वळणाचे. फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे कुणी सांगितलं तरच ती पुढे येतात. पँगो-व्ह्यूला भाषेचा पर्याय आहे, तिथे मराठीचा संकेत दिला. ल आपला झाला, श आपला झाला. हार्फबझ असलं तरी हे आपोआप होत नाही, त्यामुळे लव्ह १२ ची वाट बघत बसलो असतो तरी हिंदी वळणच मिळालं असतं. चित्रांच्या मार्गात हे एका पर्यायाने मिळालं.

दुसरी, 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते'. माझ्या यादीत काही ठिकाणी दुसऱ्या, काही ठिकाणी दुसर्या असं, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. यादी तीन-चार जणांनी मिळून टाइप केलेली. कुणाच्या कळफलकावर खालच्या टिंबाचा ऱ आहे, कुणाच्यावर नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी साधा र घेऊन य जोडला, आणि नियमाप्रमाणे त्याचा रफार झाला. सगळे रफार बदलून चालत नाही, कारण 'सूर्य', 'कार्य' यांत तो हवाच आहे. हाताने शोधून दुरुस्त केले: वाऱ्या, दऱ्या, दुसऱ्या, चोऱ्या. आपोआप शोधून-बदलून हे होत नाही, वाचावंच लागतं.

५ जुलै

चित्रं यंत्रावर. वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं जागेवर. पण अक्षरांभोवती काळपट कड, जणू कुणी पेन्सिलीने गिरवलंय.

पँगो-व्ह्यू काढतं त्या पीएनजीत पारदर्शक पिक्सेलचा रंग काळाच साठवला जातो. दिसत नाही, पण चित्र अर्ध्या पिक्सेलवर काढलं किंवा लहान-मोठं केलं की ग्राफिक्स शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतं आणि तो लपलेला काळा रंग कडेला मिसळतो. माझं चित्र अर्ध्या पिक्सेलवर जात होतं, कारण मध्यावर आणायला ६४० मधून रुंदी वजा करून दोनाने भागत होतो आणि रुंदी विषम असली की अर्धा उरतो. भागाकाराचा पूर्णांक घेतला, चित्र लहान-मोठं करणं बंद केलं, फिल्टर 'निअरेस्ट'वर ठेवला. कड गेली, अक्षरं चाकूने कापल्यासारखी स्वच्छ.

मांडणी मात्र सगळी नव्याने करावी लागली. लॅपटॉपवर खेळ १२८० बाय ७२० चा होता. तो निम्मा केला की ६४० बाय ३६० होतो, वर-खाली ६० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या, आणि अक्षरं मुंग्यांएवढी. या पडद्यावर इंचाला सुमारे २२९ पिक्सेल आहेत. २६ पिक्सेलचं अक्षर तीन मिलिमीटरही भरत नाही. म्हण ३४ वर नेली, पर्याय ३० वर. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्यांची आणि खाली उकाराची जागा लागते, त्यामुळे इंग्रजी खेळांच्या मांडण्या बघून ओळींतलं अंतर ठरवू नका. कुसळ-मुसळवाली म्हण तीन ओळी खाते. तिच्यासाठी पर्याय चार ओळींऐवजी दोन-दोनच्या जोड्यांत मांडले आणि तीच मांडणी सगळीकडे ठेवली.

१,५०० च्या आसपास चित्रं झाली. सगळी सुरुवातीला मेमरीत चढवली तर खेळ उघडायला नको इतका वेळ लागतो. आता फक्त चालू प्रश्नाची चढवतो.

६ जुलै

एक बटण दाबलं की दोन प्रश्न पुढे.

पोर्टमास्टरमध्ये जीपीटोकीबी नावाचा छोटा कार्यक्रम असतो. तो बटणांचं रूपांतर कळफलकाच्या कळांमध्ये करतो, म्हणजे ज्या खेळांना गेमपॅड कळत नाही तेही चालतात. माझ्या खेळाला गेमपॅडही कळतं आणि कळफलकही. त्यामुळे एकदा दाबलेलं 'ए' गेमपॅड म्हणूनही आलं आणि एंटर म्हणूनही. दोन्हीपैकी एकच ठेवायचं. मी लव्हच्या कॉन्फ फाइलीत जॉयस्टिकचा भाग बंद केला आणि सगळं जीपीटोकीबीवर सोपवलं; मग कुठल्या यंत्रावर 'ए' उजवीकडे आणि कुठल्यावर खाली, ही कटकट माझ्याकडे राहत नाही.

त्याच जीपीटोकीबीचा दुसरा प्रताप. सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबले की तो खेळ मारून टाकतो. बाहेर पडायची ही रीत सगळ्यांना सवयीची आहे. पण मारलेल्या खेळाला निरोप घ्यायची संधी मिळत नाही, आणि मी गुण नेमके बाहेर पडताना साठवत होतो. आता प्रत्येक उत्तरानंतर साठवतो.

साठवायचे कुठे, हेही बघावं लागलं. लव्ह मुळात घरच्या फोल्डरात, प्रणालीच्या विभाजनावर साठवतं. कार्ड नव्याने लिहिलं की गेलं. स्क्रिप्टमध्ये एक्सडीजी डेटा होम (कार्यक्रमांनी माहिती कुठे साठवायची ते सांगणारं सेटिंग) खेळाच्या स्वतःच्या 'कॉन्फ' फोल्डरकडे वळवलं. तो खेळांच्या विभाजनावर असतो, आणि ते एक्सफॅट (फाइली ठेवायची एक पद्धत) असतं. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलाची आधी नोंद करून ठेवायची सोय, नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट. लव्ह ११.५ च्या स्वतःच्या फाइल-सोयींत नाव बदलायचं फंक्शन नाही, म्हणून तात्पुरत्या फाइलीत लिहून मग जागेवर ठेवायची नेहमीची युक्ती सरळ त्यातून करता येत नाही. दोन फाइली ठेवल्या, आलटून पालटून लिहितो, प्रत्येकीत शेवटी एक खूण. वाचताना खूण असलेली ताजी फाइल घ्यायची. बॅटरी काढून बघितली, टिकतंय.

१२ जुलै

डॉट-लव्ह फाइलमधून खेळ चालवला की पहिल्या चुकीच्या उत्तराला पडतो. तोच खेळ, त्याच यंत्रावर, न बांधता मोकळ्या फोल्डरातून चालवला की व्यवस्थित.

कोडमध्ये आवाजाच्या फाइलीचं नाव लहान अक्षरांत, प्रत्यक्ष फाइलीचं पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोजला फरक पडत नाही. एक्सफॅटलाही पडत नाही, म्हणून मोकळ्या फोल्डरातून चाललं. झिपच्या आत मात्र पडतो. आता सगळी नावं लहान अक्षरांत, आणि चाचणी नेहमी बांधलेल्या फाइलीचीच.

कोल्हापूरच्या एका मित्राकडे आरजी३५एक्सएक्स एच हे असंच दुसरं यंत्र आहे, वर म्यूओएस ही प्रणाली. पडदा तेवढाच, प्रणाली वेगळी. त्याला झिप पाठवली. "फोल्डर सापडत नाही म्हणतंय रे," असा निरोप. स्क्रिप्टमध्ये मी 'रोम्स'खालचा आर्कओएसचा पत्ता तसाच घट्ट लिहून ठेवला होता. म्यूओएसमध्ये पत्ता निराळा. आर्कओएसमध्येसुद्धा खेळ दुसऱ्या कार्डावर असतील तर 'रोम्स२' होतं. कंट्रोल फाइल जो पत्ता देते तोच वापरायचा. एक शब्द बदलला, त्याच्याकडे चालू झालं. लव्ह ११.५ त्याच्याकडे नव्हतं, ते पोर्टमास्टरने जेसन वाचून स्वतः उतरवून घेतलं. हे बघून लव्ह १२ कोंबायचा नाद सोडला ते बरं केलं असं वाटलं.

१९ जुलै

उरलेली कारकुनी. झिपचं आणि फोल्डरचं नाव लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. स्क्रिप्टचं नाव देवनागरीत ठेवून पाहिलं होतं. माझ्या यंत्राच्या मेनूत नुसते चौकोन दिसले. रोमनच ठेवलं, मेनूवर आपला ताबा नाही. जेसनमध्ये स्क्रिप्ट आणि फोल्डर या दोन्ही वस्तूंची नावं हुबेहूब लागतात, एक अक्षर चुकलं तर पोर्टमास्टर झिप नाकारतो. सोबत पडद्याचा एक फोटो, बटणांची माहिती आणि परवान्यांचा फोल्डर. आवाज सगळे सार्वजनिक मालकीचे घेतले होते, तरी कुठले ते लिहून ठेवलं.

बसवायला पोर्टमास्टरच्या फोल्डरात 'ऑटोइन्स्टॉल' आहे. झिप तशीच तिथे टाकायची, उघडायची नाही, मग पोर्टमास्टर सुरू करायचा. तो उघडतो, जागेवर ठेवतो आणि झिप काढून टाकतो. काहीजण झिप आधी उघडून हाताने फोल्डर हलवतात. तेही चालतं, पण मग लव्ह ११.५ आपोआप येत नाही आणि खेळ गपचूप मेनूवर परततो.

पूर्ण झिप ७ एमबीच्या आत आहे. खर्च यंत्र धरून ४,३०० रुपये. वेळेचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त अक्षरांत गेला, त्यातला मोठा तुकडा लव्ह १२ च्या बांधणीत, जी वापरलीच नाही.

राहिलेलं: ७२० बाय ७२० च्या चौकोनी पडद्यावर मांडणी मधोमध बसते, पण बाजूला रिकामं दिसतं. तिथे ६०० ऐवजी ६८० रुंदीची चित्रं काढून दुसरा संच द्यावा लागेल, झिप दुप्पट होईल. असं यंत्र कुणाकडे असेल आणि चाचणी करायची तयारी असेल तर करतो, नाहीतर आहे तसंच. 'आयत्या बिळावर नागोबा'चं चित्र डाव्या बाजूला एक पिक्सेल कापलं जातंय, 'आ'च्या पाठीचा. समास शून्यऐवजी दोन करून पुन्हा काढायला लावलीत.